मॅटरहॉर्नचा तुटलेला दोर : एडवर्ड व्हिंपरची गोष्ट

स्मरणिका समितीने यंदा लेख मागवताना एक विभाग चरित्रांसाठी राखून ठेवला, हे फार चांगलं केलं. आपल्या राष्ट्रपुरुषांवर आणि संतांवर लिहिणारी अधिकारी मंडळी आपल्या सोसायटीत आहेत आणि त्यांचे लेख या अंकात तुम्ही वाचालच. मी मात्र एका इंग्रज माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. लाकडावर चित्रं कोरून पोट भरणारा कारागीर होता. पण दीडशे वर्षांपूर्वी त्याच्यामुळे सगळ्या युरोपात एक वाद पेटला, आणि तो वाद आपल्या घराघरांत अजून मिटलेला नाही. जीव जाईल अशा डोंगरावर जाण्याचं स्वातंत्र्य माणसाला असावं की नसावं, हा तो वाद.

आधीच सांगतो, मी स्वतः डोंगर चढणारा नव्हे, डोंगरांबद्दल वाचणारा आहे. सिंहगड आणि रायगड यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. त्यामुळे यात माझ्या पराक्रमाचं काही नाही. जे वाचलं आणि त्यावरून जे वाटलं, ते लिहितो.

एडवर्ड व्हिंपरचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये झाला. अकरा भावंडांत तो दुसरा. वडील जोसाया व्हिंपर हे लाकडी ठशांवर चित्रं कोरण्याचा व्यवसाय करत. तेव्हा पुस्तकांत आणि मासिकांत फोटो छापण्याची सोय नव्हती. चित्र हवं असेल तर कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर ते उलटं काढायचं, जिथे पांढरं दिसायला हवं तिथलं लाकूड बारीक हत्यारांनी खरवडून काढायचं आणि मग शाई लावून छापायचं. डोळे फोडणारं काम. हात जरा हलला की आठवड्याची मेहनत फुकट. एडवर्डची शाळा चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुटली आणि तो वडिलांच्या कारखान्यात बसला. कामात तो तरबेज झाला, पण मन तिथे रमत नव्हतं. उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमांची वर्णनं वाचून आपणही तसं काहीतरी करावं, असं त्याला वाटे. लंडनच्या धुरकट खोलीत दिवसभर ठोकळे कोरणाऱ्या मुलाच्या मनात बर्फाची स्वप्नं असावीत, यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्यातलेही कितीतरी जण दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून मनाने कोकणात असतात.

१८६० साली संधी चालून आली. लाँगमन या प्रकाशकाला आल्प्स पर्वतावरच्या पुस्तकासाठी चित्रं हवी होती. विशीतल्या व्हिंपरला त्याने तिकडे पाठवलं. त्याआधी व्हिंपरने खरा डोंगर पाहिलाही नव्हता. चित्रं काढायला गेलेला हा पोरगा पुढच्याच वर्षी फ्रान्समधलं पेल्व्हू नावाचं अवघड शिखर चढून मोकळा झाला. आणि मग त्याची नजर मॅटरहॉर्नवर गेली.

मॅटरहॉर्न तुम्ही पाहिला आहे. प्रत्यक्षात नसेल, पण कॅलेंडरवर किंवा चॉकलेटच्या वेष्टनावर नक्की पाहिला असेल. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, बाकीच्या डोंगरांपासून वेगळा, एखाद्या दगडी सुळक्यासारखा तो उभा आहे. उंची ४,४७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट. उत्तरेला झर्मॅट आणि दक्षिणेला इटलीतलं ब्रॉय ही त्याच्या पायथ्याची गावं. आल्प्समधली मोठी शिखरं एकेक करत सर झाली होती, पण मॅटरहॉर्न शिल्लक होता. गावकऱ्यांची समजूत अशी की वर भुताखेतांची वस्ती आहे आणि माणसाने तिकडे फिरकू नये.

१८६१ ते १८६५ या काळात व्हिंपरने इटलीच्या बाजूने आणि इतर वाटांनी सात-आठ वेळा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी तो परत फिरला. एकट्या १८६२च्या जुलै महिन्यात पाच वेळा. त्यातल्या एका खेपेस तो एकटाच वर गेला होता. उतरताना कोपऱ्यावर पाय घसरला आणि खडकांवर आपटत, उसळ्या खात तो सुमारे दोनशे फूट खाली आला. जिथे थांबला, तिथून काही फुटांवर शेकडो फुटांचा कडा होता. डोक्यातून रक्त वाहत होतं. बर्फाचे गोळे जखमांवर दाबून त्याने रक्त कसंबसं थांबवलं, कपारीत सरकला आणि बेशुद्ध पडला. शुद्ध आली तेव्हा अंधार पडत होता. त्या अंधारात तो एकटाच खाली गावात उतरला. चार-पाच दिवसांनी पुन्हा वर निघाला!

इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडून एकच वाक्य निघेल, की याला आई-वडील नव्हते का! होते. पण मुलगा कमावता होता, आपल्या पैशाने जात होता आणि जीव त्याचा स्वतःचा होता. त्या वेळपर्यंत प्रश्न एवढाच होता, आणि तो मला तरी सोपा वाटतो. एकट्याने, सगळं माहीत असून, स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्याला अडवायचं कोणी आणि कशासाठी?

पुढे गोष्ट इतकी सोपी राहिली नाही.

ब्रॉयकडच्या बाजूला जाँ-अंतोन कारेल नावाचा वाटाड्या होता. सैन्यात लढून आलेला, मानी, डोंगर कोळून प्यालेला. मॅटरहॉर्नवर पहिलं पाऊल आपल्या गावच्या बाजूने, आपल्या माणसाचं पडावं अशी त्याची जिद्द होती. व्हिंपर आणि कारेल कधी एकत्र चढत, कधी एकमेकांवर नजर ठेवून असत. १८६५च्या जुलैमध्ये व्हिंपर ब्रॉयला पोचला तेव्हा इटालियन आल्पाइन क्लबच्या जॉर्दानो यांनी कारेलला आधीच गुपचूप बांधून घेतलं होतं. एका सकाळी व्हिंपरला कळलं की कारेल आणि मंडळी सामान घेऊन डोंगराकडे निघूनही गेली. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटलं. गावात दुसरा वाटाड्या नाही, हमाल नाही.

त्याने मग डोकं चालवलं. आणि इथे त्याचा धंदा कामी आला. झर्मॅटकडची बाजू समोरून पाहिली की उभी भिंत वाटते, त्यामुळे तिकडे कोणी फारसं फिरकत नसे. पण चित्रकाराच्या नजरेने तीच बाजू कडेने न्याहाळल्यावर व्हिंपरला दिसलं होतं की तिचा उतार वाटतो तितका उभा नाही, चाळीस अंशांच्या आतलाच आहे. शिवाय खडकाचे थर इटलीच्या बाजूला बाहेर झुकलेले, म्हणजे पाय निसटेल असे. तर झर्मॅटच्या बाजूला आत कललेले, म्हणजे नैसर्गिक पायऱ्यांसारखे. सगळे ज्या वाटेला अशक्य म्हणत होते, ती सोपी निघणार होती.

त्याच सुमाराला लॉर्ड फ्रान्सिस डग्लस नावाचा अठरा वर्षांचा सरदारपुत्र ब्रॉयला आला. दोघे खिंड ओलांडून १२ जुलैला झर्मॅटला पोचले. तिथे योगायोगाने चार्ल्स हडसन हे धर्मोपदेशक मॅटरहॉर्नच्याच तयारीत होते. त्यांच्याबरोबर शामोनीचा नामांकित वाटाड्या मिशेल क्रोझ होता. दोन तुकड्या एकाच शिखरावर एकाच वेळी जाण्यापेक्षा एक होऊन जाऊ, असं एका संध्याकाळच्या बोलण्यात ठरलं. हडसनबरोबर डग्लस हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा तरुणही होता. आल्प्समधला त्याचा हा पहिलाच मोसम. व्हिंपरने हडसनना विचारलं, की या मुलाला जमेल का? हॅडोने माँ ब्लां फार झटपट चढला, असं उत्तर मिळालं आणि तो विषय तिथेच संपला. झर्मॅटचे थोरले पीटर टाउगवाल्डर आणि त्यांचा मुलगा धाकटा पीटर हे दोघे वाटाडे म्हणून आले. असे सातजण झाले. एकमेकांना पुरते ओळखतही नसलेले सातजण.

१३ जुलैला पहाटे साडेपाचला ते निघाले. त्या दिवशी दुपारीच तंबू ठोकला. वाट खरोखरच सोपी निघाली. १४ तारखेला दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी व्हिंपर आणि क्रोझ शेवटचा बर्फाचा उतार धावत चढून माथ्यावर पोचले. बर्फात कुणाचंही पाऊल नव्हतं. इटलीच्या बाजूला पाहिलं तर कारेल आणि मंडळी खूप खाली ठिपक्यांएवढी दिसत होती. यांनी आरडाओरडा केला, दगड ढकलले, तेव्हा ती माणसं मागे फिरली. क्रोझने आपला निळा सदरा काढून तंबूच्या काठीला बांधला आणि तोच झेंडा झाला. तो खाली झर्मॅटलाही दिसला आणि ब्रॉयलाही. ब्रॉयच्या लोकांना वाटलं आपलीच माणसं पोचली, आणि तिथे जल्लोष सुरू झाला!

माथ्यावर ते तासभर थांबले. आता पुढचा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोष्ट या काही मिनिटांत आहे.

उतरताना कोण कुठे असावं हे व्हिंपर आणि हडसन यांनी ठरवलं. सर्वांत पुढे क्रोझ, मग हॅडो, मग हडसन, मग डग्लस, मग थोरला पीटर. अवघड जागा आली की खडकाला एक जादा दोर बांधू आणि त्याला धरून उतरू, असं व्हिंपरने सुचवलं. हडसनना ते पटलं. पण करायचंच, असं पक्कं ठरलं नाही. बाकीचे दोर बांधून घेत होते तेव्हा व्हिंपर शिखराचं चित्र काढत होता. मग कुणाला तरी आठवलं की आपली नावं बाटलीत घालून वर ठेवायची राहिली. ते काम व्हिंपरकडे आलं. तो नावं लिहीत असताना बाकीचे चालू लागले. त्यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते. दोन मजबूत, आणि एक जुना, बारीक, फक्त अडीअडचणीला म्हणून आणलेला. कुणी कोणत्या दोराने कुणाला बांधलं, हे तपासायला कुणी थांबलं नाही. व्हिंपर आणि धाकटा पीटर मागून आले आणि थोड्या वेळाने डग्लसच्या सांगण्यावरून थोरल्या पीटरला जोडले गेले. आता सातही जण एका माळेत होते.

हॅडो थकला होता, त्याचे पाय ठरत नव्हते. क्रोझने आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे पाय हातात धरले आणि एकेक करून खडकावर टेकवून दिले. ते करून तो स्वतः पुढे जायला वळतो तोच हॅडो घसरला आणि त्याच्यावर आदळला. दोघे कोसळले. त्या हिसक्याने हडसन ओढले गेले, मग डग्लस. वर थोरल्या पीटरने आणि व्हिंपरने खडक घट्ट धरून ठेवला. दोर ताणला गेला आणि डग्लस व थोरला पीटर यांच्यामध्ये मधोमध तुटला. चौघेजण पाठीवर घसरत, हात पसरून काहीतरी धरू पाहत एकामागून एक दिसेनासे झाले. खाली हिमनदीपर्यंत जवळपास चार हजार फूट.

वरचे तिघे अर्धा तास जागचे हलू शकले नाहीत. बापलेक रडत होते. नंतर व्हिंपरने तुटलेलं टोक मागून पाहिलं. तो तिसरा, बारीक दोर होता. चांगला दोर तसाच शिल्लक होता.

ती रात्र तिघांनी कड्यावरच्या एका अरुंद फळीवर बसून काढली आणि १५ जुलैला सकाळी ते झर्मॅटला पोचले. दुसरा दिवस रविवार होता. सकाळची प्रार्थना चुकवून कुणी जाऊ नये, असं गावच्या पाद्र्यांनी वाटाड्यांना बजावलं होतं, तेव्हा बाहेरगावच्या वाटाड्यांना आणि काही इंग्रजांना घेऊन व्हिंपर शोधायला निघाला. क्रोझ, हॅडो आणि हडसन सापडले. डग्लसचा देह त्या दिवशी सापडला नाही, नंतर सापडला नाही, आजतागायत सापडलेला नाही. कारेल मात्र हरला नाही. आधी निराश होऊन खाली गेला, पुन्हा निघाला आणि १७ जुलैला इटलीच्या बाजूने माथ्यावर पोचला.

इंग्लंडमध्ये काहूर उठलं. टाइम्सने अग्रलेख लिहून विचारलं, की हे कर्तव्य आहे का, यात शहाणपण आहे का, ही परवानगी तरी असावी का? चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकाने तर गिर्यारोहणाची टर उडवली. यातून ज्ञानात भर पडते म्हणणं म्हणजे चर्चच्या कळसावरच्या वाऱ्याच्या कोंबड्यावर चढून बसल्याने भर पडते म्हणण्यासारखं आहे, असा त्या लेखाचा सूर होता. झर्मॅटमध्ये सरकारी चौकशी झाली. थोरल्या पीटरने आपला जीव वाचवायला दोर कापला किंवा मुद्दाम कमजोर दोर बांधला, अशी कुजबुज सुरू झाली होती. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण कुजबुज थांबली नाही आणि त्या माणसाचं गावातलं जगणं अवघड झालं. कापलेला नव्हे, तुटलेला तो दोर आज झर्मॅटच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे.

सतरा वर्षांनी, १८८२ साली, आल्प्समध्ये एकामागून एक अपघात झाले तेव्हा खुद्द व्हिक्टोरिया राणीने हा विषय काढला. अशा धोक्याच्या चढायांबद्दल आपण जाहीर नापसंती दाखवावी का, असं तिने आपल्या सचिवामार्फत पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना विचारलं. ग्लॅडस्टन यांचं म्हणणं असं पडलं, की यात हात घालून फारसं काही साधेल असं वाटत नाही. अर्ध्या जगावर जिचं राज्य होतं तिला एका डोंगराची वाट बंद करता आली नाही.

नंतर एकदा सरकारने खरोखर बंदी घालून पाहिली. १९३६च्या जुलैमध्ये आयगर शिखराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर चार तरुण मेले, तेव्हा बर्नच्या सरकारने त्या भिंतीवर चढायला मनाई केली. काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली आणि दोन वर्षांत ती भिंत सर झाली. आपल्याकडेही पावसाळ्यात एखादा अपघात झाला की धबधब्यांवर आणि गडांवर जायला बंदीचे आदेश निघतात. फाट्यावर पोलीस उभे राहतात आणि पोरं मागच्या वाटेने वर जातात. त्या मागच्या वाटा जास्त धोक्याच्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टच्या देखभालीचा विषय संपल्यावर आयत्या वेळच्या विषयांत आपल्या मुलांच्या ट्रेकचा विषय निघाला होता, हे हजर असलेल्या सभासदांना आठवत असेल. हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांचा फोटो मोबाइलवर फिरला आणि त्यावरून चांगली अर्ध्या तासाची खडाजंगी झाली. एक बाजू म्हणत होती की सोसायटीच्या नावाने असल्या सहली नकोत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? दुसरी बाजू म्हणत होती की पोरं अठरा वर्षांची झाली, मत देऊ शकतात, मोटारसायकल चालवतात, मग डोंगर का नको? दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलत होती. मला त्या वेळी व्हिंपर आठवला, आणि हा लेख त्यातूनच सुचला.

बंदी हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. घसरणारा एकटा घसरत नाही, हे मॅटरहॉर्नने दाखवून दिलं. हॅडोबरोबर क्रोझ गेला. क्रोझला शिखराची हौस होती हे खरं, पण तो मजुरीवर आलेला माणूस होता. मालकाने आणलेल्या कच्च्या मुलाचे पाय खडकावर टेकवून देणं हे त्याचं काम होतं आणि ते करताना तो मेला. आजही सह्याद्रीत कुणी अडकलं की शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं रात्री-अपरात्री, भर पावसात, पदरमोड करून दरीत उतरतात. माझा जीव माझा, असं म्हणणाऱ्याने या पोरांचे जीव कुणाचे, हेही सांगायला हवं. डग्लसच्या घरचं काय झालं असेल? थोरला भाऊ झर्मॅटला धावत आला होता. आईच्या हाती मात्र मुलाचा देहही आला नाही. हे सगळं एका पारड्यात आहेच.

पण तरीही मी स्वातंत्र्याच्या बाजूने आहे. त्याचं कारण सांगताना मला व्हिंपरचं पुढचं आयुष्य सांगावं लागेल, कारण लोक त्याची गोष्ट दोर तुटला तिथेच थांबवतात.

पंचविसाव्या वर्षी तो जगात प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी जन्मभराचा डागही लागला. आल्प्समध्ये नवनवी शिखरं गाठण्याचा नाद त्याने जवळपास सोडून दिला. दोनदा ग्रीनलंडला जाऊन आला. १८७१ साली त्याने आपल्या चढायांवर पुस्तक लिहिलं. त्यातली चित्रं त्याने स्वतः जातीने कोरून घेतली. त्या पुस्तकात त्याने अपघात लपवला नाही. कोण कुठे होतं, कोणता दोर कुठे होता, काय ठरलं आणि काय राहून गेलं, सगळं सांगितलं. अर्थात त्यात स्वतःची बाजूही मांडली आणि थोरल्या पीटरवर संशयाची सावली राहू दिली, हे मला आवडत नाही. पण तुटलेल्या आणि न वापरलेल्या दोरांची चित्रं शेजारी शेजारी छापणारा तोच होता. त्या पुस्तकाने डोंगरांचं वेड लागलेल्या कितीतरी पिढ्या घडवल्या आणि सावधगिरीचा धडाही दिला.

१८७९-८० मध्ये तो दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरला गेला. बरोबर कोण होतं माहीत आहे? जाँ-अंतोन कारेल! ज्याने मॅटरहॉर्नच्या वेळी चकवलं, त्याच माणसाला त्याने दोर बांधायला निवडलं, कारण त्याच्याइतका भरवशाचा दुसरा माणूस त्याला माहीत नव्हता. मला या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ४ जानेवारी १८८० रोजी व्हिंपर, कारेल आणि त्याचा भाऊबंद लुई हे सहा हजार मीटरहून उंच चिंबोराझो शिखरावर पोचले. त्याआधी तिथे कुणी गेलेलं नव्हतं. पण या वेळी व्हिंपर केवळ शिखरासाठी गेला नव्हता. उंचावर माणसाला काय होतं हे त्याला समजून घ्यायचं होतं. साडेसोळा हजार फुटांच्या आसपासच्या तळावर तिघेही डोकं फुटेल अशा दुखण्याने आणि धापेने आडवे झाले, तर त्यांच्याबरोबरचा पेरिंग नावाचा दुभाषा, ज्याला डोंगराची फारशी सवय नव्हती, तो मात्र ठणठणीत राहिला. व्हिंपरने हे सगळं बारकाईने नोंदवलं. कोटोपाक्सी या जिवंत ज्वालामुखीच्या माथ्यावर तंबू ठोकून त्याने सव्वीस तास काढले. हवेचा दाब मोजला, किडे गोळा केले, नकाशे केले. या प्रवासाच्या ग्रंथाबद्दल आणि कामाबद्दल १८९२ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला पदक दिलं. त्याने आखलेला तंबू पुढे कितीतरी वर्षं मोहिमांमध्ये त्याच्याच नावाने वापरला गेला. डिकन्सच्या साप्ताहिकाने वाऱ्याच्या कोंबड्याची थट्टा केली होती, तिचं उत्तर असं सत्तावीस वर्षांनी मिळालं.

कारेलचा शेवटही सांगायला हवा. १८९० साली मॅटरहॉर्नवर वादळात सापडलेल्या आपल्या पाहुण्याला त्याने साठी ओलांडलेली असताना तासन्‌तास बर्फ तोडत खाली आणलं. धोका संपला, पाहुणा सुखरूप झाला आणि कारेल तिथेच थकून मेला. त्याच डोंगरावर, आपल्या गावाच्या बाजूला.

व्हिंपरचं म्हातारपण एकाकी गेलं. फोटो छापता येऊ लागले आणि लाकडी ठशांचा धंदा बसला. तो व्याख्यानं देई, शामोनी आणि झर्मॅटची मार्गदर्शक पुस्तकं लिही. स्वभावाने तुसडा झाला होता. पासष्टीत लग्न केलं, एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. १९११च्या सप्टेंबरमध्ये तो शामोनीला आला, आजारी पडला, हॉटेलच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि डॉक्टरला जवळ येऊ दिलं नाही. १६ सप्टेंबरला तिथेच गेला. शामोनी म्हणजे मिशेल क्रोझचं गाव. तिथल्याच दफनभूमीत त्याला पुरलं.

आता माझं मत. व्हिंपर एकटा दोनशे फूट घसरला ते त्याचं स्वातंत्र्य होतं. पण हॅडोला ते स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने मिळालंच नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला समोर काय आहे याची कल्पना नव्हती, ज्यांना कल्पना होती त्यांनी त्याच्या वतीने एका वाक्यात होकार देऊन टाकला. माहिती नसताना दिलेली संमती ही संमती नव्हे. म्हणून मी म्हणतो, जाऊ द्या, पण न सांगता नको आणि न शिकता नको. ज्याच्या भरवशावर वर जाणार त्याला काय येतं, हे विचारायचा हक्क सगळ्यात नवख्या पोरालाही हवा. मला जमणार नाही, मी इथून परत फिरतो, असं म्हणणाऱ्याला हसू नये. आणि जिवाला जो दोर लावायचा तो निघण्याआधी, दहा मिनिटं उशीर झाला तरी, प्रत्येकाने स्वतः हाताने ओढून पाहावा.

राणीला बंदी घालता आली नाही, बर्नच्या सरकारला टिकवता आली नाही. मॅटरहॉर्नवर १८६५ पासून आजवर पाचशेहून अधिक माणसं मेली, तरी तिथे जायला आजही सरकारी परवाना लागत नाही. स्विस लोकांनी तिथे जाड दोर कायमचे बसवले, निवारे बांधले, वाटाड्यांना शिकवून तयार केलं. ज्या जादा दोराबद्दल व्हिंपर आणि हडसन माथ्यावर बोलले आणि जो बांधायचा राहून गेला, तसे दोर आता त्या वाटेवर कायमचे आहेत. शहाणपण म्हणतात ते हेच असावं. वाट बंद न करता वाटेवर दोर बांधायचा.

आपल्या सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांत इथली मुलं कुठे कुठे जातील, आपल्याला ठाऊक नाही. कुणी हिमालयात जाईल, कुणी समुद्रात, कुणी आपल्याला समजणारही नाही अशा एखाद्या धंद्यात उडी घेईल. त्यांना दाराशी अडवणं आपल्या हातात नाही, आणि असलं तरी ते करू नये. निघताना त्यांच्या कमरेला बांधलेला दोर जुना आणि बारीक नाही ना, एवढं पाहणं मात्र आपल्या हातात आहे.

– बी विंगमधील एक सभासद